टब असलेला फ्लॅट

माझ्या मोठ्या भावाने गोपीपुऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा सुरतेतल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. मी केलं नाही. मी तेव्हा उधन्यातल्या एका मराठी शाळेत शिकवत होते, तेवीस वर्षांची होते आणि दादाबद्दलचं माझं मत पक्कं झालेलं होतं. ते कसं झालं ते आधी सांगते, म्हणजे मी पुढे फ्लॅटबद्दल जे बोलेन त्यात फ्लॅटचा दोष किती आणि माझा राग किती, हे वाचणाऱ्याला ठरवता येईल.

आमचं घर मूळचं खानदेशातलं. वडील लूमवर काम करायला सुरतेला आले आणि तिथेच वारले. उधन्याच्या चाळीत आमच्या लागून लागून दोन खोल्या होत्या. एकीत माय आणि मी, दुसरीत दादा आणि वहिनी. दादा पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये रंग कालवता कालवता कलर मास्टर झाला होता. साडीवर कुठला गुलाबी किती चढवायचा हे त्याला डोळे मिटून कळायचं, हे मी नाकारत नाही.

ज्या वर्षी सुरतेत प्लेग आला, त्या वर्षी तीन-चार दिवसांत निम्मं उधना रिकामं झालं. स्टेशनवर माणसांवर माणसं. प्लेगवरच्या कॅप्सूल कुठे मिळेनात. दादाने कुठूनतरी दोन पाकिटं मिळवली होती, ती त्याने आदल्या संध्याकाळी आम्हाला दाखवलीही होती. सकाळी मी नळावर पाणी भरायला निघाले तर शेजारच्या खोलीला कुलूप. नळावरच्या बाईने सांगितलं, "तुझा भाऊ-भावजय पहिल्या गाडीने नवापूरला गेले." नवापूर हे वहिनीचं माहेर. कॅप्सूलची दोन्ही पाकिटं त्यांच्यासोबतच गेली होती.

मी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. आम्ही घरात अहिराणी बोलायचो. ती म्हणाली, "गया व्हई कामले." गेला असेल कामाला. मिलला तर टाळं होतं, हे तिलाही माहीत होतं.

आम्ही दोघी तोंडाला पदर बांधून तिथेच राहिलो, कारण जायला पैसे नव्हते आणि मायला ताप नव्हता आणि मलाही नव्हता. बारा दिवसांनी दादा परत आला. हातात केळ्यांची फणी होती. "तुम्हाला झोपेतून उठवावंसं वाटलं नाही," असं तो म्हणाला. मायने केळी घेतली. मी एकही खाल्लं नाही.

तर असा माझा भाऊ. वर्षभराने त्याने गोपीपुऱ्यात फ्लॅट घेतला. त्या घराचे जुने मालक प्लेगमध्ये मुलीकडे निघून गेले होते आणि परत यायचं त्यांच्या मनात राहिलं नव्हतं. म्हणजे पळून गेलेल्या माणसाचं घर पळून गेलेल्या माणसाने घेतलं. हे वाक्य मी तेव्हा दादाच्या तोंडावर बोलले होते आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

गोपीपुऱ्यातली ती शेरी, म्हणजे गल्ली, इतकी अरुंद की समोरच्या घरातलं दूध उतू गेलं तर आपण ओरडून सांगावं. दोन्ही बाजूंना लाकडी कोरीवकामाची जुनी घरं, खाली ओटे, कोपऱ्यावर जैनांचं देरासर. दादाची इमारत शंभर वर्षांपुढची असेल. एका शेठाची हवेली होती, पुढे वाटण्या होऊन तिचे मजल्यागणिक फ्लॅट झाले. दादाचा तिसरा मजला. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मी खोल्याखोल्यांतून फिरले. खाली चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांची फरशी, खिडक्यांना हिरव्या-लाल काचा, दुपारचं ऊन आलं की त्या काचांचे रंग फरशीवर पसरत. सागाची दारं दोन माणसांनी ढकलावी एवढी जड.

दादा म्हणाला, "सगळं काढायचंय. फार जुनाट आहे."

आणि त्याने ते काढलं. आठ महिने तो दर रविवारी मिस्त्रीसोबत उभा राहिला आणि एकेक चांगली गोष्ट काढून तिच्या जागी वाईट गोष्ट बसवून घेतली. रंगीत काचा गेल्या, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. सागाची दारं गेली, पोकळ दारं आली, त्यांवर सागाच्या रेषा छापलेलं सनमायका. फरशीवर पांढऱ्या टाइल्स. छताखाली दुसरं छत, प्लास्टर ऑफ पॅरिसचं, त्यात केळीच्या पानांची नक्षी आणि खड्ड्याखड्ड्यांतून दिवे. हॉलच्या एका भिंतीवर परदेशातल्या धबधब्याचा कागद. जो माणूस दिवसभर रंगांत हात घालतो त्याला घरात हे बघवतं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दारावर पितळी पाटी लागली. आमचं आडनाव इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की पाटीवर दादाने त्यातला एक काना पुसला, एका वेलांटीची मात्रा केली आणि आम्ही खानदेशचे होतो ते एका रात्रीत गुजराती झालो. घरातही गुजरातीच बोलायचं असं ठरलं. वहिनीचं गुजराती भाजीबाजारापुरतं होतं. त्यामुळे त्या घरात भाव आणि वजनं सोडून नवरा-बायकोत फारसं बोलणंच उरलं नाही.

आणि टब. गुलाबी रंगाचा, माणूस झोपेल एवढा न्हाणीतला टब. मिलच्या शेठच्या बंगल्यात दादाने तसला पाहिला होता. चार हमाल तो घेऊन जिन्याने चढले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टब अडकला. पुढे जाईना, मागे येईना. हमाल निघून गेले. दोन दिवस इमारतीतली माणसं त्याच्याखालून वाकून जात-येत होती. दुसऱ्या मजल्यावर एक विधवा बेन राहायच्या, साठीच्या, शेजारच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. जिन्याच्या खिडकीतून तिथे चांगलं ऊन यायचं म्हणून त्यांनी पालथ्या टबवर स्वच्छ धोतर अंथरलं आणि पापड वाळत घातले. दादा संतापला. बेन शांतपणे म्हणाल्या, "भाई, तमारो टब जाय त्यारे पापड लई लईश." तुमचा टब हलेल तेव्हा पापड उचलीन. शेवटी टब दोरखंडांनी बांधून बाहेरून, गॅलरीतून वर ओढला. सगळी शेरी माना वर करून बघत होती.

टब बसला. पण गोपीपुऱ्याला पाणी सकाळी तासभर यायचं आणि तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार. त्या तासात वहिनी टब भरून ठेवायची, वर प्लायवूडचा तुकडा झाकायची, त्यावर प्लास्टिकचा मग. बाजूला बसून बादलीने अंघोळ. वास्तूला शेठ सहकुटुंब आले तेव्हा दादाने अभिमानाने न्हाणीचं दार उघडलं. शेठाणीने आत बघितलं, झाकण बघितलं, त्यावरचा प्लास्टिकचा मग बघितला आणि म्हणाली, "सारुं कर्युं, टांकी मोटी बनावी." बरं केलंत, टाकी मोठी बांधलीत. ती खरंच कौतुकाने बोलली होती. दादाचा चेहरा बघून मला दिवसभर आनंद होत राहिला.

त्या दिवशी मायला त्याने आधीच बजावून ठेवलं होतं, "पाहुणे आले की 'आवो' म्हण, 'बेसो' म्हण. बाकी हसत राहा." मायला मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं. ती 'आवो, बेसो' म्हणत राहिली. वाढप्यालाही म्हणाली, आणि धबधब्याच्या भिंतीकडे बघूनही एकदा म्हणाली.

मायच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात झालं. दवाखाना गोपीपुऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर होता. मी दादाला म्हटलं, "आठवडाभर माय तुझ्याकडे राहू दे. रोज पट्टी बदलायला न्यायचंय, उधन्याहून रिक्षात धक्के बसतील." त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने टाइल्सकडे बघितलं. मग तो "हो" म्हणाला.

मायला त्यांनी आतल्या छोट्या खोलीत ठेवलं. डोळ्यावर पट्टी आणि त्यावर हिरवं फडकं. माझी शाळा सकाळची, ती सुटली की मी दुपारी थेट तिकडे जायची, मायला पट्टी बदलायला न्यायची, औषधाचे थेंब घालायची, संध्याकाळी परतायची. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी आत शिरले तर हॉलमध्ये उग्र कुजका वास. वहिनी नाकाला रुमाल लावून कपाटाखाली बघत होती.

"उंदीर मेलाय कुठेतरी," ती म्हणाली.

दादा त्या दिवशी लवकर घरी आला होता. 'उंदीर' हा शब्द ऐकल्यावर त्याचा रंग उतरला तो मी बघितला. सुरतेत त्या वर्षांत मेलेला उंदीर दिसला की माणसं रस्ता बदलायची, हे खरं आहे. पण तोवर गाव धुऊनपुसून लख्ख झालं होतं, दारोदार झाडूवाले फिरायचे. मी थेंब घातले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले तर दार नुसतं लोटलेलं. हॉलमध्ये वास दुपटीने वाढलेला. आतल्या खोलीत माय पलंगावर बसलेली आणि तिच्या शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या बेन, हातात खिचडीची थाळी. घास करून तिच्या हातात देत होत्या.

"दादा कुठेय?" मी विचारलं.

"मिलना कामले गया," माय म्हणाली. "दोन दिवसमा येस म्हने. तीबी संगे गयी." म्हणजे वहिनीही.

बेननी माझ्याकडे बघितलं. सकाळी दोघं बॅगा घेऊन जिना उतरताना त्यांनी पाहिली होती. "मी म्हटलं, बा एकल्या आहेत, डोळ्याला पट्टी आहे," त्या आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. "तर भाई बोलले, माझी बहीण येते ना दुपारी."

मी तिथेच जमिनीवर बसले. दोन वर्षांपूर्वी निदान आमचे दोघींचे डोळे धड होते. आता त्याने एका आंधळ्या म्हातारीला, स्वतःच्या आईला, ज्या वासाला भिऊन तो पळाला त्याच वासात बसवून ठेवलं होतं. मी काहीबाही बोलायला लागले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मायने मला थांबवलं.

"माले दिसत नही, पन वास ते येस," ती म्हणाली. "हाऊ उंदीरना वास नही. वरथून येस."

हा उंदराचा वास नाही, वरून येतोय. बेनना हे भाषांतराशिवाय कळलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्या दोघी असंच बोलत होत्या, ही अहिराणीत आणि ती गुजरातीत, आणि मध्ये कुठे अडत नव्हतं. ज्या भाषेची दादाला एवढी लाज होती ती त्या इमारतीत त्याच्या गुजरातीपेक्षा जास्त चालली.

त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी शाळेत निरोप धाडून सुट्टी घेतली. बेननी त्यांच्या घरातली लाकडी शिडी आणली, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला. आम्ही सोफ्यावर जुनी चादर टाकली आणि मी शिडीवर चढले. मायला दाराशी खुर्चीत बसवलं होतं. ती सांगायची, "जराक उजवीकडे. आखो पुढे." वास कुठून येतोय ते ती नाकाने हेरत होती. ती म्हणाली तिथे मी बत्ता मारला.

प्लास्टरचं केळीचं पान फुटून खाली आलं. मी परत मारला. खरं सांगायचं तर एका घावात काम झालं असतं. मी सात-आठ घातले. पांढरा धुरळा सोफ्यावर, टीव्हीवर, धबधब्यावर बसला. मग भोकातून काड्या, पिसं, वाळलेली विष्ठा आणि त्यांच्या मागोमाग एक मेलेलं कबूतर खाली पडलं.

मिस्त्रीने छताजवळच्या जुन्या झरोक्याचं तोंड बाहेरून बुजवलंच नव्हतं. आतून छत लावून नुसतं झाकलं होतं. पांडेसऱ्याचा कलर मास्टर खाली दिवे लावून बसायचा आणि वर कबुतरं संसार करायची.

"कबूतर!" बेन म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माय हसली. मी शिडीवर उभी राहून डोकं त्या भोकात घातलं. वर सागाच्या फळ्यांचं मूळ छत तसंच होतं. निळ्या आणि पोपटी रंगात काढलेली बारीक फुलं, एकाला जोडून एक, दिसतील तिथवर. हे दादाने कधी पाहिलं तरी होतं का? पाहिलं असणार. पाहून झाकलं असणार.

आम्ही कबूतर कागदात गुंडाळून टाकलं, घर फिनेलने पुसलं. तिसऱ्या प्रहरी मी मायला दवाखान्यात नेलं. त्या दिवशी पट्टी कायमची निघाली. काळा चष्मा लावून ती परत आली, हॉलच्या मध्यभागी उभी राहिली आणि सगळीकडे नीट बघितलं. ते घर तिने पहिल्यांदाच असं स्पष्ट पाहिलं होतं. पांढऱ्या टाइल्स, पांढऱ्या भिंती, आम्ही पुसूनही उरलेला पांढरा धुरळा.

"इतलं धवळं?" ती म्हणाली. "कोन मरी गयं आठे?" इतकं पांढरं, इथे कोण मेलंय?

दादा दुसऱ्या दिवशी आला. आधी त्याला वास नसल्याचं कळलं आणि त्याचा चेहरा खुलला. मग त्याने वर बघितलं.

"हे काय केलंस?" तो माझ्यावर ओरडला. "मिस्त्रीला बोलावता येत नव्हतं? तुला माहितीये का किती महिने लागले या कामाला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात माय आतून आली. तिने पिशवी भरून ठेवली होती.

"तू पयना," ती त्याला म्हणाली. आवाज अगदी साधा. "तधय बी पयनाता. माले समजेल व्हतं. मी बोलनू नही." तू पळालास, तेव्हाही पळाला होतास, मला कळलं होतं, मी बोलले नाही.

दादा तिथल्या तिथे लहान झाला. "माय, मिलचं काम..." असं त्याने सुरू केलं आणि सोडून दिलं. वहिनी न्हाणीत जाऊन टबचं झाकण उगाच सरकवत बसली. मायने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जो मी कधीच फिरवला नसता, आणि आम्ही जिना उतरलो. खाली बेननी तिला एक पापडाचा डबा दिला. मला वाटलं, संपलं. आता या घरात मी पाऊल टाकणार नाही.

मी टाकलं. आणि कशासाठी टाकलं ते सांगितलं नाही तर आतापर्यंतचं सगळं लिहिणं म्हणजे नुसता तोरा होईल.

वर्षभराने मला एक स्थळ सांगून आलं. मुलगा बडोद्याला इंजिनिअर होता, शिकलेली माणसं. बघण्याचा कार्यक्रम कुठे करायचा असा प्रश्न आला. उधन्याच्या चाळीत सामायिक संडासासमोरून त्यांना आणायचं म्हणजे... दादा म्हणाला, "माझ्याकडे करा." आणि मी लगेच होकार दिला. एक मिनिटसुद्धा विचार केला नाही. आदल्या दिवशी जाऊन मी स्वतः ते सनमायका ओल्या फडक्याने पुसलं. छताचं भोक दादाने बुजवून घेतलं होतं, तिथे नवं केळीचं पान आलं होतं. मी वर बघून खात्री करून घेतली की जोड दिसत नाही.

पाहुणे आले. मुलाची आई चौफेर नजर फिरवत होती. तिला आवडलेलं दिसत होतं. तिने मला विचारलं, "हे घर तुमचंच का?"

"हो," मी म्हणाले. "आमचंच."

माय समोर बसली होती. ती सरळ त्या बाईंना म्हणाली, "नही बाई. हाई घर मना पोऱ्यानं शे. आम्ही मायलेकी उधनामा ऱ्हातस, चाळमा."

त्या बाईंनी ते समजून घेतलं. चहा संपवला. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला.

पुढे मी मायशी जवळजवळ दोन महिने धड बोलले नाही. दादा प्लेगमध्ये आम्हाला टाकून गेला तेव्हासुद्धा मी इतकी चिडले नव्हते. ती भाकरी पुढ्यात सरकवायची, मी खायची, ताट उचलून ठेवायची. एकदा तिने विचारलं, "खोटं बोलनू का मी?" मी वह्या तपासत राहिले.

माझं लग्न नंतर झालं, नंदुरबारच्या एका शिक्षकाशी, आणि बघण्याचा कार्यक्रम उधन्यातच झाला. दादाने काही वर्षांनी तो फ्लॅट विकला आणि तापीपलीकडे अडाजणला नव्या इमारतीत गेला. तिथे लिफ्ट आहे, पाणी दिवसभर असतं. माझं त्याच्याबद्दलचं मत फारसं बदललेलं नाही. फक्त कुणी नातेवाईक माझ्यासमोर त्याची नालस्ती करायला लागला, की आजकाल मी विषय बदलते.